काँडाइल फ्रॅक्चरचं प्लॅनिंग: सीटीच्या फॉर्मपासून वाकवलेल्या प्लेटपर्यंत

हे लिहितोय ते ओरल सर्जरीला नुकतेच जॉइन झालेल्या पीजींसाठी, आणि थ्रीडी प्रिंटिंग करून सर्जनला मदत करणाऱ्या लॅबमधल्या पोरांनाही उपयोगी पडेल. विषय एवढाच, खालच्या जबड्याचा काँडाइल (कानापुढच्या सांध्यात बसणारं जबड्याचं वरचं गोल टोक) मोडलाय, ऑपरेशनचं बोलणं चालू आहे, तर स्कॅन कसा मागवायचा, तो वाचायचा कसा आणि कॉम्प्युटरवर तुकडा जागेवर बसवून कसा बघायचा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे: आधी दात, मग सांधा. नवीन माणूस सॉफ्टवेअर उघडतो आणि थेट तुटलेला तुकडा धरून खोबणीत ढकलायला लागतो, स्क्रीनवर मस्त बसलेला दिसतो, आणि दातांचं काय झालं ते कोणी बघितलेलंच नसतं.

स्कॅनच्या आधी पेशंट

हनुवटीला टाके घालायला आलेला पेशंट काँडाइल तपासल्याशिवाय सोडायचा नाही. बाइकवरून पडून हनुवटीवर बसलेला मार हाडातून थेट वर सांध्यापर्यंत जातो, काँडाइलची मान बारीक असते, ती मोडते. समोर सिम्फिसिस, म्हणजे हनुवटीचा मधला भाग, आणि दोन्हीकडचे काँडाइल असं तिहेरी फ्रॅक्चर यातूनच होतं, आणि समोरचं दिसलं की लोक तिथेच थांबतात.

बघायचं काय तर तोंड उघडताना हनुवटी कुठे सरकते, एकाच बाजूचा मोडला असेल तर ती मोडलेल्या बाजूला जाते. त्या बाजूच्या दाढा आधी टेकतात का, दोन्हीकडचे मोडून पुढचे दात उघडे राहिलेत का. कानातून रक्त येत असेल तर कवटीच्या फ्रॅक्चरचा विचार करायचाच, पण कानाच्या नळीची पुढची भिंत काँडाइलच्या धक्क्याने फुटलेली असू शकते, ती नंतर सीटीत मुद्दाम शोधायची. आणि मानेचा मणका क्लिअर झालाय का हे विचारल्याशिवाय कोणालाही ओपीजीला, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेला, उभं करायचं नाही, यात सूट नाही.

अजून एक प्रश्न जो फॉर्मवर कुठेच नसतो: अपघाताआधी दात असेच बसायचे का? काही लोकांचा चावा मुळातच वाकडा असतो, पुढचे दात आधीपासून उघडे असतात. घरच्यांच्या मोबाइलमध्ये हसतानाचे जुने फोटो असतात, ते मागून घ्या. दातांवरचे झिजलेले चकचकीत भाग बघा, वरचा झिजलेला भाग खालच्या कुठल्या भागाला जुळतो ते लिहून ठेवा. पुढे प्लॅनिंगला बसल्यावर याच्यासारखी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

ओपीजी कुठे पुरतो, कुठे नाही

पहिला एक्स-रे ओपीजीच असणार, स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, आणि अख्खा जबडा एका फिल्मवर दिसतो. पण तो एकाच प्लेनमधला आहे, तुकडा आतल्या बाजूला किती कलंडलाय ते त्यात कळत नाही, म्हणून सोबत तोंड उघडून काढलेला रिव्हर्स टाउन्स व्ह्यू (डोक्याच्या मागून पुढे किरण सोडून काढलेला एक्स-रे) मागवायचा. काँडाइलच्या डोक्यातून उभी गेलेली फट ओपीजीत सहज हुकते. समोरचा भागही मानेच्या मणक्याच्या सावलीत जातो. आणि ओपीजीवर पट्टी ठेवून मिलिमीटर मोजू नका, त्यात मॅग्निफिकेशन असतं आणि पेशंट जरा वाकडा उभा राहिला तरी दोन बाजूंचं वेगवेगळं होतं.

सीटीचा फॉर्म भरताना

निम्मं प्लॅनिंग इथेच होतं किंवा बिघडतं, म्हणून इथे जरा थांबतो. फॉर्मवर नुसतं "सीटी फेस" लिहून पाठवलं तर जे येईल ते वाचायला कदाचित पुरेल, मॉडेल बनवायला नाही. लिहायचं असं: पातळ स्लाइस, ०.६ मिमीच्या आसपास, जास्तीत जास्त १ मिमी. गँट्री टिल्ट (मशीनच्या कड्याचा कल) शून्य. वर कानाच्या नळीच्या आणि ग्लेनॉइड फोसाच्या (काँडाइल जिच्यात बसतो ती कवटीची खोबण) वरपर्यंत, खाली हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंत, दोन्ही काँडाइल पूर्ण. बोन आणि सॉफ्ट टिश्यू अशी दोन्ही रिकन्स्ट्रक्शन (एकाच डेटातून वेगवेगळ्या बनवलेल्या इमेज). बोनवर फ्रॅक्चरची रेघ छान दिसते पण इमेज खरखरीत असते, सेगमेंटेशन, म्हणजे स्कॅनमधून हाडाचे भाग वेगळे काढणं, करायला सॉफ्टवालीच बरी पडते, हे बऱ्याच जणांना खूप उशिरा कळतं.

डोक्याला मार लागलेल्या पेशंटचा हेड सीटी आधीच झालेला असतो आणि कोणीतरी म्हणतंच की त्यातच दिसतंय ना. दिसत असेल वरचं टोक, पण त्या स्लाइस जाड असतात आणि बऱ्याचदा स्कॅन जबड्याच्या अर्ध्यावर संपतो. मात्र फेसचा स्कॅन त्याच दिवशी झाला असेल आणि स्लाइस फक्त जाड बनवल्या असतील तर पेशंटला परत झोपवायच्या आधी टेक्निशियनला फोन करा, मशीनवर रॉ डेटा काही काळ असतो, त्यातून पातळ स्लाइस परत बनवून मिळू शकतात, पेशंटला रेडिएशन दुसऱ्यांदा नको.

आर्च बार (दातांना बांधायची धातूची पट्टी) आणि वायर सीटीनंतर लावता येत असतील तर नंतरच लावा. धातूमुळे दातांच्या पातळीवर ज्या पांढऱ्या रेषा येतात त्यात दातांचे आकार हरवतात, आणि दातच तर आपल्याला हवेत.

हातात काय पडतं तेही तपासा. फिल्म आणि थ्रीडीचे रंगीत फोटो असलेली सीडी म्हणजे प्लॅनिंगचा डेटा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले जेपीजी तर नाहीच. पाहिजे ती डायकॉमची, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल फॉर्मॅटमधली, पातळ अ‍ॅक्सियल सिरीज, साधारण काहीशे इमेज असलेली. सीडी रेडिओलॉजीच्या काउंटरवरच उघडून सिरीजची यादी बघा, स्लाइस थिकनेस वाचा, मग निघा. बाहेर कोणाला पाठवायचा असेल तर पेशंटचं नाव आणि नंबर काढून पाठवा, बऱ्याच केस एमएलसी (मेडिको-लीगल, पोलिसांत नोंद असलेल्या) असतात.

सीबीसीटी (कोन-बीम सीटी, दात-जबड्यासाठी वापरतात तो) चालेल का? चालतो, डोस सहसा कमी आणि हाडाचं डिटेल चांगलं, पण फिल्ड ऑफ व्ह्यू एवढा मोठा हवा की दोन्ही काँडाइल येतील, आणि पेशंट न हलता बसू शकला पाहिजे. त्यात हाउन्सफिल्डचे (घनता दाखवणारे) आकडे भरवशाचे नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअरमधला हाडाचा तयार थ्रेशोल्ड (कुठल्या आकड्यापासून हाड धरायचं ती मर्यादा) लागू पडत नाही, हाताने ठरवावा लागतो. एमआरआय रोज लागत नाही, सांध्यातली गादी, म्हणजे डिस्क, कुठे गेली हा प्रश्न असेल तेव्हाच. डिस्क बहुतेकदा तुकड्याबरोबरच पुढे आणि आत ओढली जाते, कारण लॅटरल टेरिगॉइड स्नायू दोघांनाही धरून असतो.

वाचायचं कसं

फ्रॅक्चर कुठल्या उंचीवर आहे ते आधी ठरवा: डोकं, मान की बेस (मानेखालचा भाग). २००५ मध्ये लौकोटा आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे. रेमसच्या (जबड्याच्या उभ्या भागाच्या) मागच्या कडेला स्पर्शरेषा काढायची, सिग्मॉइड नॉचच्या (रेमसच्या वरच्या कडेच्या खाचेच्या) सगळ्यात खोल बिंदूतून तिच्यावर लंब टाकायचा. निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर त्या लंबाच्या वर तर मान, खाली तर बेस. डोक्यातून जाणारं म्हणजे डायाकॅपिट्युलर, ते वेगळं प्रकरण.

मग दोन आकडे काढा. एक, तुकडा किती अंशांनी कलंडलाय. दोन, रेमसची उंची किती कमी झालीये. कोन मोजताना सरळ कोरोनल (समोरून दिसणारा उभा) कट वापरू नका, काँडाइलचा लांब अक्ष तिरका असतो, त्याचं आतलं टोक बाहेरच्या टोकापेक्षा मागे असतं, म्हणून एमपीआरमध्ये (स्कॅन हव्या त्या दिशेने कापून बघायची सोय) कट त्या अक्षाला समांतर फिरवून घ्यायचा आणि मग मोजायचं. उंची गोनियनपासून (जबड्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून) काँडाइलच्या माथ्यापर्यंत, दोन्ही बाजूंची, एकाच पद्धतीने.

एक उदाहरण धरून चालू. समजा तिशीतला माणूस, उजव्या काँडाइलची मान मोडलीये, तुकडा पुढे आणि आत ३५ अंश कलंडलाय, रेमस डावीकडे ६२ मिमी आणि उजवीकडे ५६, म्हणजे ६ मिमीचा फरक. डाव्या पहिल्या दाढेवर मेटलची कॅप. उजव्या दाढा आधी टेकतात, डावीकडे फट.

प्लॅनिंग करायचं की नाही

प्रत्येक काँडाइलला कॉम्प्युटर लागत नाही, हे मी ठामपणे सांगतो. तुकडा फारसा हललेला नाही आणि दात नीट बसतात तर क्लोज्ड ट्रीटमेंट, म्हणजे चीर न देता, थोडे दिवस इलॅस्टिक, लवकर व्यायाम. लहान मुलांमध्येही बहुतेक वेळा क्लोज्डच, त्यांचं हाड स्वतःला घडवून घेतं, तिथे भीती असते ती अँकिलोसिसची (सांधा जखडण्याची), म्हणून जबडा जास्त दिवस बांधून ठेवायचा नाही आणि वाढीवर लक्ष ठेवायचं. झाइड आणि केंट यांनी १९८३ मध्ये ओपन करायची जी पक्की कारणं दिली, जसं की तुकडा मिडल क्रेनियल फोसात (कवटीच्या आत, मेंदूच्या कप्प्यात) घुसणं, बंद पद्धतीने ऑक्लुजन (दातांचा चावा) न मिळणं, तुकडा सांध्याच्या कॅप्सूलच्या (वेष्टणाच्या) बाहेरच्या बाजूला निघणं, सांध्यात बाहेरची वस्तू अडकणं, ती आजही तोंडपाठ हवीत. २००६ मध्ये एकेल्ट आणि सहकाऱ्यांची ट्रायल आली, त्यात १० ते ४५ अंश कलंडलेले किंवा रेमस २ मिमी आणि त्याहून जास्त आखूड झालेले मोठ्या माणसांचे फ्रॅक्चर घेतले होते, आणि ओपन केलेल्यांचा निकाल सरस निघाला. आपलं उदाहरण त्यात बसतं. पेशंटला दोन्ही पर्याय, चेहऱ्याच्या नर्व्हची जोखीम, सगळं सांगून मग ठरवायचं.

सेगमेंटेशन

शिकायला थ्रीडी स्लायसर घ्या, फुकट आहे. ते रिसर्चसाठीचं सॉफ्टवेअर आहे, क्लिनिकल वापराची मंजुरी त्याला नाही, त्यामुळे त्यात केलेलं काम सीनियर सर्जनने तपासल्याशिवाय पेशंटपर्यंत जाता कामा नये. मोठ्या सेंटरला मिमिक्स किंवा प्रोप्लॅन असतं, कामाचा क्रम तोच.

डायकॉम इम्पोर्ट करा, सॉफ्ट टिश्यू रिकन्स्ट्रक्शनवाली पातळ सिरीज लोड करा, सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड लावा. मेडिकल सीटीत हाडासाठी २२६ हाउन्सफिल्डपासून सुरुवात करतात, ती फक्त सुरुवात. वाढवत गेलात तर फोसाच्या पातळ छताला आणि मोडलेल्या तुकड्याला भोकं पडतात, कमी केलंत तर काँडाइल आणि फोसा एकमेकांना चिकटतात. सांध्यातली जागा दोन-तीन मिलिमीटरचीच, मार लागल्यावर अजून कमी, त्यामुळे इथे आपोआप काही होत नाही. एकेक स्लाइस घेऊन इरेजरने फोसा आणि काँडाइल वेगळे करायचे, कोरोनल आणि सॅजिटल (बाजूने दिसणारा उभा कट) दोन्हीत परत तपासायचं. कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका, इथे अर्धा मिलिमीटर खाल्ला तर पुढे प्लेट तेवढी उचललेली बसते.

शेवटी तुमच्याकडे वेगवेगळे भाग हवेत: कवटी आणि वरचा जबडा, खालच्या जबड्याचा दात असलेला मोठा भाग, आणि तुटलेला काँडाइल. स्मूदिंग अगदी हलकं, फ्रॅक्चरच्या कडा खडबडीत राहू द्या, त्याच कडा नंतर एकमेकांत बसतात. जास्त गुळगुळीत केलेल्या तुकड्याला बसायला जागाच सापडत नाही.

आता दात

सीटीतले दात प्लॅनिंगला पुरत नाहीत, आपल्या पेशंटला तर कॅप आहे, तिच्या रेषा सगळीकडे. म्हणून इंट्राओरल स्कॅन (तोंडात स्कॅनर घालून दातांचा) घ्या, तोंड उघडत नसेल तर छोट्या ट्रेने इंप्रेशन घेऊन प्लास्टर मॉडेल स्कॅन करा. वरचे दात वरच्या जबड्यावर, खालचे खालच्या जबड्यावर बसवून घ्यायचे, जुळवताना कॅपच्या आजूबाजूचा भाग सोडून द्यायचा.

प्लास्टर मॉडेल हातात घेऊन दात जुळवून बघा, झिजलेले भाग एकमेकांवर आणा, मागे टिपून ठेवलंय ना तसं. तो खरा चावा. स्क्रीनवर खालच्या जबड्याचा मोठा भाग त्या चाव्यात आणा. समोर सिम्फिसिसही मोडली असेल तर आधी तो दात असलेला कमानीचा भाग एकसंध करा, तीन तुकड्यांचं फ्रॅक्चर मागून सुरू केलंत तर जबडा रुंद होतो आणि कोणाला कळतही नाही.

हे झालं की उजव्या बाजूला वर एक रिकामी जागा तयार होते, फोसा आणि रेमसचा तुटलेला बुंधा यांच्यात. काँडाइलला त्या जागेत जायचंय. आता डावी निरोगी बाजू मिरर करा. इथे चूक होते ती अशी की लोक चेहऱ्याच्या मध्यरेषेवरून मिरर करून तसंच सोडून देतात. कोणाचाच चेहरा तंतोतंत सारखा नसतो. मिरर केलेला रेमस उजवीकडच्या न मोडलेल्या भागावर जुळवा, कोरोनॉइड (रेमसचं पुढचं वरचं टोक), सिग्मॉइड नॉच, रेमसची मागची कड, अँगल यांवर, आणि मग त्याचा काँडाइल कुठे येतो ते बघा. तो नकाशा आहे, साचा नाही. तुटलेला तुकडा त्या नकाशाच्या जवळ आणून शेवटची जुळणी फ्रॅक्चरच्या कडांवर करायची, मागची कड सलग झाली पाहिजे, बाहेरचा कॉर्टेक्स (हाडाचा टणक थर) सलग झाला पाहिजे, तुकडा फिरलेला राहता कामा नये. फिरलेला तुकडा समोरून बघितलं तर ठीक दिसतो, वरून बघितल्यावर लक्षात येतं, म्हणून वरून नक्की बघा.

नंतर फोसात बघायचं, काँडाइल हाडाला घुसत नाहीये ना, सगळीकडे थोडी जागा आहे ना. परत रेमस मोजा. आपल्या उदाहरणात ६१ किंवा ६२ आला आणि दात चाव्यात आहेत, तर प्लॅन जमला. दात चाव्यात आहेत पण काँडाइल फोसाच्या बाहेर लोंबतोय, तर फ्रॅक्चरची कड नीट जुळलेली नाही किंवा चावाच चुकीचा धरलाय, आधी चाव्याकडे परत जा.

दोन्हीकडचे मोडले असतील तर मिररचा आधार जातो. मग फ्रॅक्चरच्या कडा, दोन्ही फोसा, आणि सगळ्यात जास्त दात.

स्लायसरमध्ये ट्रान्सफॉर्म लावून हलवलेला तुकडा हार्डन (नवी जागा पक्की) केल्याशिवाय एक्स्पोर्ट करू नका, नाहीतर प्रिंटच्या एसटीएल फाइलमध्ये तो जुन्याच जागी निघू शकतो.

प्लेट, स्क्रू, प्रिंट

मान आणि बेससाठी नेहमीची सोय म्हणजे २.० सिस्टिमच्या (२ मिमी स्क्रूच्या) दोन मिनिप्लेट, एक मागच्या कडेला समांतर, दुसरी सिग्मॉइड नॉचखाली तिरकी, कारण चावताना ताण तिथे पुढच्या बाजूला येतो. किंवा त्याच तत्त्वावर बनवलेली ट्रॅपेझॉइड, डेल्टा आकाराची प्लेट. वरच्या तुकड्यात किमान दोन स्क्रूंना जागा आहे का ते स्क्रीनवरच बघा, नसेल तर प्लेटचा आकार आत्ता बदला, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नाही. प्रत्येक स्क्रूच्या जागी हाडाची जाडी मोजा, काँडाइलच्या मानेच्या आतल्या अंगाला मॅक्सिलरी आर्टरी जाते, लांब ड्रिलला तिथे माफी नाही. डोक्याच्या फ्रॅक्चरला लांब स्क्रू लागतात, तिथे लांबी आतल्या टोकापर्यंत मोजून घ्यायची आणि टोक हाडाबाहेर येणार नाही एवढंच घ्यायचं.

बसवलेला पूर्ण जबडा प्रिंट करा, ०.१ ते ०.२ मिमी लेयर पुरे. प्रिंट हातात आला की व्हर्नियरने एक-दोन अंतरं मोजून सॉफ्टवेअरशी ताडून बघा, मगच त्यावर प्लेट वाकवा. पीएलए प्लास्टिकचं मॉडेल साधारण ६० अंशाला मऊ पडायला लागतं, ऑटोक्लेव्हमध्ये टाकलं तर वाकून आकार जातो, म्हणून प्लेट ऑटोक्लेव्ह करायची, मॉडेल स्टराइल पारदर्शक कव्हरमध्ये बाजूला ठेवायचं. मॉडेलवर प्लेटचा फोटो काढून ठेवा, कुठलं टोक वर ते नंतर आठवत नाही.

नेव्हिगेशनबद्दल (ऑपरेशन चालू असताना हत्याराची जागा स्क्रीनवर दाखवणारी सोय) विचारतात. खालचा जबडा हलता आहे, कवटीवर लावलेला रेफरन्स त्याला लागू पडत नाही, जबड्यावर वेगळा लावावा लागतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी आधीच वाकवलेली (प्रीबेंट) प्लेट आणि ऑक्लुजन एवढ्यावरच काम होतं, आणि चांगलं होतं.

ओटीत आणि नंतर

अ‍ॅप्रोच प्लॅनमध्येच लिहा, रेट्रोमँडिब्युलर (जबड्यामागून) की प्रीऑरिक्युलर (कानापुढून), कारण प्लेट ज्या कोनातून बघून आखली त्याच कोनातून ती लावता आली पाहिजे. प्रीऑरिक्युलरमध्ये कानाच्या हाडाच्या नळीपासून फेशियल नर्व्हची वरची फांदी ८ ते ३५ मिमीवर मिळते, सरासरी २०, हे अल-कयात आणि ब्रॅम्ली यांनी १९७९ मध्ये मोजलेलं.

क्रम परत तोच. आधी दात चाव्यात बांधा, मग तुकडा आणा, प्लेट धरा. वाकवलेली प्लेट मागच्या कडेवर टेकून बसत नसेल तर ती अजून वाकवून बसवायचा मोह आवरा, रिडक्शन (तुकडा जागेवर बसलाय का) बघा, बहुतेकदा तुकडा अजून फिरलेला असतो. फिक्स झाल्यावर वायर सोडा, हनुवटी हाताने हळू वर न्या आणि दात आपोआप त्याच चाव्यात येतात का ते बघा. नाही आले तर जखम बंद करायची नाही.

नंतरचा सीटी किंवा सीबीसीटी प्लॅनवर सुपरइम्पोज करा, न हललेल्या भागावर जुळवून, आणि काँडाइल किती मिलिमीटर आणि किती अंश चुकला ते केसशीटला लिहा. पेशंटला गायडिंग इलॅस्टिक, मऊ जेवण, आणि तोंड उघडायचा व्यायाम. प्रत्येक व्हिजिटला पुढच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजून तारखेसकट लिहायचं, ३५ ते ४० मिमीपर्यंत यायला हवं, आणि उघडताना हनुवटी सरळ जाते की अजून बाजूला सरकते तेही त्याच ओळीत लिहायचं.